लॉक लावून मागणारे, लॉक काढून मागणारे

हुबळीत कोप्पीकर रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक ही रोजची कामं. पण जूनमध्ये शाळा उघडल्या की वेगळं गिऱ्हाईक सुरू होतं. बाप पुढे, मागे आठवी-नववीतला पोरगा मान खाली घालून. 'अण्णा, याच्यात इन्स्टा चालू नये असं कायतरी करून द्या.' मी लॉक बसवत असतो तेवढ्या वेळात बाप खिशातला स्वतःचा फोन काढतो आणि मोठ्या आवाजात रील बघत बसतो. दोन दिवसांनी तोच पोरगा एकटा येतो, मुठीत चुरगळलेल्या नोटा. 'अण्णा, लॉक तगदु कोड्री.' लॉक काढून द्या म्हणतो. बापाचं काम मी करतो, पोराला परत पाठवतो. त्याने फारसं काही साधत नाही. लॉक काढून देणारे पुढच्या बोळात बसलेले आहेत, आणि हुशार पोरांना त्यांचीही गरज पडत नाही.

मुलांच्या सोशल मीडियावर लक्ष ठेवायचं कुणी, शाळेने की आईबापाने, हा वाद माझ्या कानावर दोन्ही बाजूंनी पडतो. दुकानात पालक बोलतात. आणि माझी मुलगी ज्या सरकारी हायस्कुलात आहे तिथल्या शाळा विकास समितीवर, म्हणजे एसडीएमसीवर, मी पालक म्हणून असल्याने महिन्या-दोन महिन्यांनी शिक्षकांचंही ऐकतो. पालक म्हणतात, पोरगं दिवसभर शाळेच्या ताब्यात, वळण त्यांनीच लावायला नको का? शिक्षक म्हणतात, शाळेत फोनला बंदीच आहे, रात्री एक वाजेपर्यंत पोरगं काय बघतं ते आम्ही कसं बघणार? पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपलेली पोरं मात्र आमच्या वाट्याला. दोघंही खरं बोलतात. माझं म्हणणं एवढंच की शाळेने मुलांच्या खात्यांत डोकावण्याच्या फंदात पडू नये. तिने आधी आपला स्वतःचा कारभार फोनवरून खाली उतरवावा. आणि घरातलं लक्ष घरच्यांनीच ठेवायचं. ते माझ्याकडून विकत घेता येत नाही.

शाळेपासून सुरुवात करतो, कारण मुलांच्या हातात फोन दिला तो शाळेनेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दुसरा इलाज नव्हता. कर्नाटक सरकारने दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर 'संवेद' नावाने पाठ दाखवले, काही महिने 'विद्यागम' योजनेत शिक्षक गल्लीत येऊन देवळाच्या कट्ट्यावर शिकवत होते. तरी खरा अभ्यास चालायचा तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. त्या वर्षी मी जेवढे सेकंडहँड सेट विकले तेवढे आधी कधी विकले नव्हते. कुणी कानातली फुलं गहाण ठेवून फोन घेतला, कुणी हप्त्यावर. शाळा परत भरल्या, खडू-फळा परत आला, पण गृहपाठ काही वहीत परत आला नाही. तो ग्रुपवरच राहिला.

याचा घरात अर्थ काय होतो? अमरगोळच्या एपीएमसीत हमाली करणाऱ्या माणसाच्या घरात फोन एकच. तो बापाच्या खिशात, बाप घरी येणार रात्री आठला. आल्या आल्या पोरगी फोन मागते, कारण गणिताची उदाहरणं ग्रुपवर आली आहेत. ग्रुप उघडला की वर चाळीस 'ओके सर' आणि जोडलेले चाळीस हात. त्यातून उदाहरणं शोधायची, वहीत उतरवायची. तेवढ्यात वरून सूचना टपकते, कुणीतरी रील पाठवलं. मग साडेदहा कधी वाजले ते कळतसुद्धा नाही. बाप ओरडला तर तिच्याकडे उत्तर तयार असतं, 'होमवर्क करतेय.' ते उत्तर निम्मं खरं असतं, म्हणून बापाला पुढे बोलता येत नाही. फोन देऊ नका म्हणून पालकसभेत उपदेश करणारी शाळाच संध्याकाळी सहाला ग्रुपवर पीडीएफ टाकते, तेव्हा त्या माणसाने करायचं काय?

शिक्षकांचीही एक बाजू आहे, ती सांगितलीच पाहिजे. आमचे हेडमास्तर एका बैठकीत त्यांचा फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, 'हे बघा, वरून आदेश येतात तेही व्हॉट्सॲपवर, आणि अंडी वाटल्याचे फोटो टाकायचे तेही व्हॉट्सॲपवर.' शाळेतल्या मुलांना अंडी मिळतात ही उत्तम गोष्ट. पण प्रत्येक अंड्यामागे फोटो काढणाऱ्या मास्तराने पोरांना फोन वाईट म्हणून सांगायचं, हे पोरांना पटत नाही. पोरं सगळं बघत असतात.

आता खासगी शाळांकडे वळतो, कारण तिथलं दुखणं निराळं आहे. एक प्रसंग जवळून पाहिला तो सांगतो. शाळेचं नाव घेत नाही, मुलीची ओळख पटेल असं काही सांगत नाही. एका ओळखीच्या माणसाने दुरुस्तीला फोन आणला. आमच्या धंद्यात फोन बघून बरंच कळतं. हातातून निसटलेला फोन कोपऱ्यावर फुटतो आणि तडा तिथून पसरत जातो. भिंतीवर आपटलेला मधोमध फुटतो, फ्रेम वाकते, बॅटरी उचलून येते. हा दुसऱ्या जातीचा होता. मी काही विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. मुलगी नववीत. तिच्या नावाने, तिचा फोटो लावून इन्स्टाग्रामवर कुणीतरी खातं उघडलं होतं आणि वर्गातल्या मुलांना नको ते मेसेज जात होते. शाळेने बापाला बोलावून सांगितलं, तुमची मुलगी मोबाइलवर काय करते ते तुम्ही बघा, बदनामी आमच्या शाळेची होते. बापाने घरी येऊन फोन भिंतीवर मारला.

मुलीचं इन्स्टाग्रामवर खातंच नव्हतं. तिच्याकडे स्वतःचा फोनही नव्हता. जो फुटला तो आईचा. मग फोटो आला कुठून? मी त्या खात्यावरचा फोटो मोठा करून पाहिला. मागे रंगीत पडदा, अर्धा कापलेला फुगा, कपाळावर मुंडावळ्यांसारखं काहीतरी. तो शाळेच्या गॅदरिंगचा होता. शाळेच्या स्वतःच्या पानावर नाचाचे साठ-सत्तर फोटो कुणालाही दिसतील असे पडले होते, खाली मुलींची नावं आणि इयत्ता, तुकडी. ज्याने उद्योग केला त्याला काही शोधावंच लागलं नव्हतं. सगळं मांडून ठेवलेलं होतं.

त्या खात्याची तक्रार आम्ही माझ्या काउंटरवर बसून केली. दुसऱ्याच्या नावाने खातं चालवल्याची तक्रार इन्स्टाग्रामकडे थेट करता येते, त्यासाठी स्वतःचं खातं असावं लागत नाही. केंद्र सरकारच्या सायबर तक्रारींच्या पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. आपल्या पोलिसांचं सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन ठाणं आहे, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. यातलं काहीही त्या बापाला माहीत नव्हतं, आणि त्याला बोलावून झापणाऱ्या शाळेलाही माहीत असल्याचं दिसलं नाही. खातं काही दिवसांत बंद झालं. गॅदरिंगचे फोटो उतरवायला मात्र त्या माणसाला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावे लागले. त्याला सांगितलं गेलं की फोटो ॲडमिशनच्या दृष्टीने टाकलेले आहेत.

हे शेवटचं वाक्य मला विसरता येत नाही. एप्रिल-मे आला की हुबळी-धारवाडात पोरांची जाहिरात सुरू होते. फ्लेक्सवर टक्केवारीसकट चेहरे, त्याच्या जोडीला आता रील. गणवेशातली तिसरीची पोरं 'आमची शाळा बेस्ट' म्हणून ठेक्यात हात हलवतात, मागून गाणं, आणि मॅडम मोजतात किती जणांनी पाहिलं. ज्या मुलाला तिसरीत शाळेनेच कॅमेऱ्यासमोर उभं केलं, त्याने सातवीत स्वतः उभं राहू नये असं कुठल्या तोंडाने सांगायचं? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली गेली. शाळांनी फोटो टाकण्याआधी आईबापाला विचारायला ती मुदत संपायची वाट कशाला बघायची?

शाळेने शिकवायचं काय, हा प्रश्न उरतोच. हुबळीकरांनी तरी तो विचारायला नको. १६ एप्रिल २०२२ ची रात्र आपण पाहिली आहे. एका तरुणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून जुन्या हुबळीच्या पोलीस ठाण्यापुढे जमाव जमला, दगडफेक झाली, बारा पोलीस जखमी झाले, शहरात जमावबंदी लागली. स्टेटस टाकणारा आत गेला आणि दगड मारल्याच्या आरोपाखाली शंभराहून अधिक लोक आत गेले. कितीतरी घरांच्या कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. पुढचे काही दिवस माझ्या दुकानात तरुण पोरं येत होती, फोनातून पुसलेलं खरंच पुसलं जातं का, असं हळू आवाजात विचारत. एवढं होऊन माझ्या ओळखीच्या एकाही शाळेत त्यावर एक तास झाला नाही. कुणाची बाजू घ्यायची नाही, धर्म काढायचा नाही. फक्त एवढंच सांगायचं की एक चित्र आपल्या फोनात आलं, ते पुढे ढकलण्याआधी काय बघायचं, आणि ढकललं तर कायद्याने आपण कोण ठरतो. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा आपल्या गावात दुसरा कुठला मिळणार होता?

'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा ग्रामीण भागातला अहवाल याच गोष्टीवर बोट ठेवतो. चौदा ते सोळा वयातली ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारी ७६. आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खासगी कसं करायचं हे ठाऊक असलेली निम्म्याहून थोडीच जास्त, ५५ टक्के. कुंदगोळ, कलघटगीहून येणाऱ्या पोरांच्या हातात मी रोज हेच पाहतो. फिल्टर बारा येतात, पासवर्ड बदलता येत नाही. हा एक तासाचा धडा आहे. त्याला तज्ज्ञ लागत नाही, संगणक कक्षही लागत नाही.

आता बंदी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की दंड कंपन्यांना आहे, जास्तीत जास्त चार कोटी पंचाण्णव लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि मुलाला किंवा आईबापाला काहीच शिक्षा नाही. आपल्याकडे बंदीची भाषा न्यायालयातही झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सुनावणीत तोंडी म्हटलं होतं की शाळकरी मुलांना सोशल मीडिया बंदच केला तर बरं, दारूसारखं त्यालाही वय ठरवा. एप्रिल २०२५ मध्ये तेरा वर्षांखालच्यांना बंदी घालावी म्हणून याचिका गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा विषय आहे म्हणून हात घातला नाही.

मी बंदीच्या विरोधात नाही. पण माझ्या काउंटरवरून ती कशी दिसते ते सांगतो. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये भारतात अठराखालच्यांसाठी वेगळी, आपोआप खासगी होणारी खाती सुरू केली. माझ्याकडे येणाऱ्या आठवीतल्या पोरांचं जन्मसाल तिथे २००० असतं. गोल आकडा, लक्षात ठेवायला सोपा. ओटीपी आईच्या नंबरवर येतो आणि आई पोळी लाटता लाटता तो वाचून दाखवते. कुठल्याही कायद्यातली पालकांची संमती आमच्याकडे अशीच मिळणार आहे. शिवाय वय कुणाचं मोजायचं? ऑस्ट्रेलियात प्रत्येकाचा फोन वेगळा असेल. इथे एकच फोन सकाळी बापाचा, दुपारी आजीच्या कीर्तनाचा, संध्याकाळी पोरीच्या गृहपाठाचा आणि रात्री थोरल्याच्या क्रिकेटचा असतो. कंपनीच्या दप्तरी त्या फोनचं वय बेचाळीस. कायदा कितीही कडक केला तरी पाहणारे डोळे कुणाचे, हे त्या घरातल्या माणसांनाच कळणार.

म्हणून घराकडे यावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीन-एक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद होतात, साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई घरोघर फिरल्या. नंतर आपल्या बेळगावजवळच्या हलग्यानेही सात ते नऊ असा भोंगा सुरू केला. या गावांचं कौतुक सगळे करतात, पण त्यातली अवघड बाब कुणी बोलत नाही. भोंगा वाजल्यावर बापाचाही फोन बंद होतो. आईची मालिकाही. पोरांचा एकट्यांचा भोंगा असता तर तो आठवडाभरही टिकला नसता.

हुबळीत भोंगा लावायची सोय नाही. चन्नम्मा सर्कलचे हॉर्न पुरेसे आहेत. पण बापाच्या फोनचं काय करायचं, हा प्रश्न शहरातही तोच आहे. लॉक मागायला आलेल्या बापाला मी हल्ली आधी त्याचाच फोन मागतो. सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडलं की दिवसभरात कुठलं ॲप किती वेळ पाहिलं ते दिसतं. मग पोराचा फोन शेजारी ठेवतो. बहुतेक वेळा बाप जिंकतो. काही जण हसतात, काही चिडून दुसऱ्या दुकानात जातात. माझं गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

काही पालक याच्याही पुढचं मागतात. पोराला न कळता त्याचं व्हॉट्सॲप आपल्या फोनवर दिसेल असं ॲप टाकून द्या म्हणतात. ते मी टाकून देत नाही. एक तर असली चोरटी ॲप्स स्वतःच फोनातली माहिती कुठे पाठवतात याचा पत्ता नसतो. दुसरं, पोराला ते कळतंच, आणि कळलं की ते दुसरं खातं उघडतं. कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं ॲप असतं, आकडे दाबले की आत फोटोंचा डबा उघडतो. एकच ॲप दोनदा चालवायची सोय तर फोनातच असते. ॲप काढून टाकलं तर इन्स्टा ब्राउझरमध्ये उघडतं. या शर्यतीत आईबाप जिंकल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. त्यापेक्षा उघड नियम बरा. रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, चार्जर तिथेच. सातवीपर्यंत स्वतःचं खातं नाही. आठवी ते दहावी खातं उघडायचं तर आईबापाच्या शेजारी बसून, खरं जन्मसाल टाकून. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेल्यावर सैल सोडा. धारवाडात सप्तापूरच्या हॉस्टेलात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराचा फोन इथून कोण तपासणार? तोवर त्याला अडचणीत पहिला फोन घरी करावासा वाटला पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे. ज्या मुलीच्या आईचा फोन भिंतीवर फुटला ती पुढच्या वेळी घरी सांगेल का, मला शंका आहे.

शाळेत तरी तिला सांगायला कुणी हवं होतं. आमच्या शाळेत ती सोय असावी म्हणून मागच्या एसडीएमसी बैठकीत मी तीन मागण्या केल्या. मुलांनी अडचण घेऊन जायचं ते एका बाईंकडे, आणि त्यांचं नाव वर्गावर्गात सांगायचं. त्यांच्याकडे गेलेल्या मुलाला दाखला काढून न्या अशी धमकी मिळता कामा नये. फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. गृहपाठ वहीत. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीवर तासभर खल झाला. विज्ञानाचे सर म्हणाले, फळ्यावर लिहून उतरवून घेण्यात दहा मिनिटं जातात, पोर्शन कसा पुरा करू? त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेवटी यंदा फक्त आठवीपुरती छापील डायरी करायची, आणि आठवीचा ग्रुप फक्त सुट्टीच्या सूचनांसाठी ठेवायचा असं ठरलं. दुर्गदबैलच्या छापखान्यातून भाव आणला आहे, खर्च आम्ही काही पालक मिळून करतोय. डायरीत रोज पालकांची सही लागेल. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा उठवला तर चालेल का, आणि पोरांनीच बापाची सही ठोकली तर ओळखायची कशी, यावर येत्या शनिवारी पुन्हा बसायचं आहे.